मॅन्डोलिनच्या दोन नख्यांबाबत

मी, दीपाली रायगोंडा मगदूम, वय 46, कॉलेजात ग्रंथपाल, राहणार पलूस, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे कोणी मला लिहायला लावलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. शंभरातले पंच्याण्णव लोक चालत घरी जातात, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या पाचांनी कागद तयार ठेवावा, असं मला वाटतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

1. माझा दोन खोल्यांचा ब्लॉक आणि बँकेतली ठेव आई चंदनबाला हिला. तिच्या पश्चात सर्व कॉलेजच्या ग्रंथालयाला, फक्त पुस्तकांसाठी. कपाटं भरपूर आहेत.

2. धाकटा भाऊ आर्जव याला या कागदाने काही मिळत नाही. बाबा गेल्यावर 2014 साली मी शेतीवरचा हक्क सोडला. सही झाल्यावर त्याने विचारलं, "अक्का, तुला काय पायजे?" मी म्हणाले, बाबांचं मॅन्डोलिन. तो हसला आणि म्हणाला, "एवढंच?" ते हसणं मी अकरा वर्षं धरून ठेवलं. आज सोडते. मळा त्यानेच सांभाळला आहे.

3. माझ्या रोजनिशीच्या सत्तावीस वह्या न वाचता जाळाव्यात. त्यांतल्या 2019 ते 2022 च्या चार मात्र ठेवाव्यात. कलम 4 मधल्या गोष्टी त्यात तारखेनिशी आहेत.

4. बाबांची नखी. तारा छेडायचा हा छोटा तुकडा, मुलं आता त्याला पिक म्हणतात. बाबांनी इथल्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, एकतीस वर्षं पूजेला मॅन्डोलिन वाजवलं, ते याच काळसर, गुळगुळीत नखीने. कोणी विचारलं तर म्हणत, "नारळाची करवंटी हाय, घासून केलीया." आर्जवला आता बस्तीच्या मंडपात काचेच्या पेटीत मॅन्डोलिन आणि ही नखी ठेवायची आहे. पितळी पाटीचा मजकूर त्याने मलाच तपासायला दिला. त्यात 'करवंटीची नखी' असं लिहिलं आहे.

ती करवंटी नाही. 2019 च्या बेंदराच्या आदल्या दिवशी टोक खडबडीत लागलं म्हणून मी ते काचपेपरने घासलं, तर जळक्या केसांसारखा वास आला. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं तासून साळताना आमच्या गोठ्यात हाच वास असायचा. मी नखी आईच्या हातात दिली. तिने हुंगून परत दिली.

"शिंग हाय," ती म्हणाली.

"बाबांना माहीत होतं?"

"वर्साला काचंनं घासत हुते की. वास काय त्यास्नी एकट्यालाच येत न्हवता व्हय?"

"मग तू विचारलं नाहीस?"

"ग्वाड वाजत हुतं. म्या कशाला इचारू."

शिंग कोणत्या जनावराचं, ते गोठ्यात म्हातारं होऊन मेलं की कोणी मारलं, हे आता कळायला मार्ग नाही. ज्या दारात माणसं कमरेचा चामडी पट्टा काढून ठेवतात, त्या दारातून बाबा ही नखी खिशात घालून आत जात होते.

आता माझं. वास ओळखल्यानंतरही मी पर्युषणात दोनदा, 2019 आणि 2022 ला, बस्तीत याच नखीने वाजवलं. मधली दोन वर्षं वाजवलं नाही ते कोरोनामुळे बस्ती बंद होती म्हणून, मनाने ठरवून नव्हे. दुसरी कुठलीही नखी घेतली की तारा पत्र्यासारख्या वाजायच्या. लोक म्हणायचे, रायगोंडा अण्णाच बसल्यात जणू, आणि मला बरं वाटायचं.

गेल्या रविवारी हे सगळं आर्जवला सांगितलं. त्याने पाटीच्या मजकुराचा कागद घडी केला.

"ढोलकीला काय चामडं नसतंय?" तो म्हणाला.

"असतं. पण ती नुसत्या लाकडाची आहे असं कोणी सांगत नाही."

"म्हंजे पंचास्नी जाऊन सांगू, आमच्या बाबांनी बस्तीत शिंग वापरलं आन् वर खोटं बोलले?"

"व्हय. आणि अक्कानंही वापरलं."

"लय शानी हैस," असं म्हणून तो चहा न पिता गेला.

तरीही माझा निर्णय असा: पाटी लावू नये. नखी मळ्यात, आपले बैल पुरले आहेत त्या बांधाला पुरावी. माझ्यामागे हे कलम बस्तीच्या पंचांसमोर मोठ्याने वाचावं. हे जिवंतपणी का सांगत नाही, असं मी स्वतःला विचारलं. सांगितल्यावर त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल म्हणून. उत्तर चांगलं नाही, पण खरं आहे.

5. मॅन्डोलिन पेटीत ठेवायचं नाही, वाजवायचं आहे. ते शिवांजली उदयसिंह घोरपडे, राहणार कराडजवळचं मलकापूर, हिला द्यावं. तिचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ती मुळात गिटार वाजवते. आठ वर्षं दर रविवारी कराडहून एसटीने माझ्याकडे शिकायला येते.

सोबत माझी नखी द्यावी. बाबांची सोडल्यावर ती सापडायला वर्ष गेलं. खऱ्या करवंटीची करून पाहिली. गोड वाजली, पण दोन आठवड्यांत चिरली. सेल्युलॉइडचं टोक महिन्यात झिजलं. शेवटी ही परदेशी, कडक प्लॅस्टिकची मिळाली: दीड मिलिमीटरला किंचित कमी जाड, कोपरे गोल, कडा तिरक्या घासलेल्या. किंमत चार हजार. आई म्हणाली, "नथ तरी घ्यायची हुतीस." मागवण्याआधी बनवणाऱ्यांना लिहून विचारलं, यात हाड, शिंग, कासवाचं कवच काही आहे का. नाही, असं त्यांचं एका ओळीचं उत्तर नखीसोबत ठेवलं आहे. हिच्यातून बाबांचा आवाज येत नाही, माझा येतो. तो किती बरा, हे मला ठरवता येत नाही.

शिवांजली, तू पहिल्यांदा म्हणालीस, "मॅडम, हे पिक आहे का फरशीचा तुकडा?" गिटारच्या तारांवरून हात फिरवायला पातळ, वाकणारीच बरी. मॅन्डोलिनच्या तारा जोडीने असतात, दोन्ही एकदम बोलायला हव्यात. तिथे वाकणारी नखी पुरी पडत नाही. तरी ही तुझ्या हाताला जड गेली तर दुसरी निवड. माझी आठवण म्हणून वाजवू नकोस. फक्त घेताना ती कशाची आहे हे विचार, आणि कोणी तुला विचारलं तर तेच सांग.

6. अंमलबजावणी ग्रंथालयातली माझी सहकारी विजयमाला शेळके हिने करावी. कलम 4 वाचायचं काम तिचंच. तिचा आवाज स्पष्ट आहे आणि ती आमच्या नात्यात नाही. आर्जवने साक्षीदार व्हावं अशी माझी इच्छा आहे, मात्र पूर्ण वाचल्याशिवाय त्याने सही करू नये.

ठिकाण: पलूस
तारीख: 17 ऑगस्ट 2025

सही: दीपाली रायगोंडा मगदूम

दीपालीने आमच्या दोघांच्या समोर सही केली, त्यानंतर आम्ही तिच्यासमोर केली.

साक्षीदार 1: विजयमाला शेळके

साक्षीदार 2: आर्जव रायगोंडा मगदूम. पूर्ण वाचलं. कलम 4 मधलं वाचन खोडायला सांगितलं, अक्काने खोडलं नाही. तिच्या माघारी ते कोणी वाचायचं नाही. अठ्ठावीस तारखेला पर्युषण सुरू होतंय, त्या सकाळी अक्का आणि मी हे सगळं सांगायला पंचांपुढे जाणार आहोत. बोलणार मी, कारण अक्काला दम लागतो.