न उठणारा माणूस

११ जानेवारी
आज पुन्हा दोन पोरं आली. घुग्घुसहून मोटरसायकलवर, भुवयांपर्यंत धूळ. "सर, दारात बसा नं, तसे. फोटो पायजे." तसे म्हणजे आमच्या ‘उठत नाई’ अल्बममधल्या माणसासारखे. खाणीसाठी सगळं गाव उठतं, हा एकटा दारात बसून राहतो. एकच गोष्ट, सात भाग, मध्ये थांबा नाही. बसलो बापडा. तेवढ्यात दुपारचं ब्लास्टिंग झालं, मांडणीवरची भांडी वाजली आणि पोरं खूश. "हेच नं सर, तिसऱ्या भागातलं?" हेच. आत माझी पोरगी मिनू खोकत होती. ते मात्र अल्बममध्ये नाही.

१४ जाने., संक्रांत
विन्याचा फोन. राजुऱ्यात मोबाइलचं दुकान टाकलं तरी स्वतःला गिटारवालाच समजतो. अल्बम रेकॉर्ड केला त्या उन्हाळ्याच्या गप्पा. शाळेच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. तो गिटार, बंड्या ड्रम, मी ऑर्गन आणि गळा. रोज ब्लास्टिंगने टेक खराब. शेवटी वैतागून विन्या म्हणाला, राहू दे बे, ते ब्लास्टिंगबी वाजवून राह्यलं आपल्यासंगं. लोक विचारायचे, गाणं एवढं लांब काऊन? झाडीपट्टीत रात्रभराच्या नाटकांना ऑर्गन वाजवणारा मी. तीन मिनिटांच्या गाण्याने माझं काय होणार?
यंदा हंगाम सोडला. गाव उठू नये म्हणून लढणाऱ्या कमिटीने सांगितलं, तू गावात दिसला पाहिजे.

१९ जाने.
मिनूला चंद्रपूरला दाखवलं. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. औषध देते, पण धूळ आहे तोवर हे जाणार नाही, पोरीला तिथून हलवा. परतीच्या बसमध्ये सुनंदाने मिनूच्या तोंडाला पदर धरून ठेवला. उतरताना म्हणाली, "गानं तुमचं हाये, खोकला पोरीचा हाये."
तिचं माहेर वडसा. हवा बरी, नाटक कंपन्या तिथेच, मला काम मिळेल. घर खाणीला द्यायच्या संमतीवर सही करायची आणि निघायचं. पण मी सही केली की उरलेली घरंही आठवड्यात सह्या करून मोकळी होतात. हे कमिटीला ठाऊक आहे, खाणवाल्यांना ठाऊक आहे, आणि मलाही.

२३ जाने.
सदाशिवभाऊंकडे गेलो, सांगायचंच ठरवून. भाऊ कमिटीचे अध्यक्ष, अंगणात खाटेवर. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "लोकं माह्यं आयकत नाई बाबू. तुह्या गान्याले आयकते. तू हायेस म्हनून हे टिकून राह्यलं." पदरी वालाच्या शेंगा घालून परत पाठवलं. मी त्या घेऊन आलो. सुनंदाने शेंगा पाहिल्या आणि काय झालं ते विचारलंच नाही.
रागच आला, त्या गाण्यातल्या माणसाचा. माझ्याच डोक्यातला माणूस, माझ्याच घराच्या दारात ठाण मांडून बसला आहे. मी असा कधीच नव्हतो. गाव सोडून पळावंसं वाटायचं म्हणून तर तसा माणूस लिहिता आला.

२८ जाने.
आठवा भाग झाला. त्यात तो उठतो. बसून बसून पायाला मुंग्या आलेल्या, धड उभं राहता येत नाही, म्हणून बंड्याने ठेका लंगडा ठेवला. बंड्या त्याच खाणीत डंपर चालवतो, ड्यूटी संपवून आला होता. वाजवून झाल्यावर विन्या बराच वेळ गिटार पुसत बसला. "भारी हाये बे. पन हे गावात वाजवशील कुठी?"

२ फेब्रु.
सुनंदा मिनूला घेऊन वडशाला गेली. भांडली नाही, ते जास्त लागलं. बस सुटताना मिनू खिडकीतून, "बाबा, तुमी खरंच त्या गान्यातले झाले का?"
घरी आलो. जेवलो नाही.

८ फेब्रु.
कमिटीच्या मंडपात सभा. चंद्रपूरहून पेपरवाले. ऑर्गन आधीच मांडून ठेवलेला, मला कोणी विचारलंही नाही. सातवा भाग धरला आणि सगळा मंडप गाऊ लागला, "मी उठत नाई." त्या भागाला शेवट नाही. रेकॉर्डवर आम्ही आवाज हळूहळू कमी करत नेला होता. समोरच्या माणसांचा आवाज कसा कमी करणार? ते गातच राहिले, मी वाजवतच राहिलो. बोटं दुखायला लागली.
मग हात उचलले. म्हटलं, आणखी एक भाग हाये.
एकट्याने म्हटला. तो उठतो, लंगडत रस्त्याला लागतो, मागे पाहत नाही. टाळी नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या जनाबाईने विचारलं, "मंग तो कुठी गेला?"
म्हटलं, "वडशाले. पोरीकडं."
एकेक जण उठून घरी गेला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ फेब्रु.
रात्रीच पिशवी भरली. सुनंदाला फोन केला, येतो म्हटलं. "उद्याच का?" आवाजात विश्वास नाही, पण मिनूला हाक मारलेली ऐकू आली.
सकाळी दार उघडलं तर अंगणात सदाशिवभाऊ बसलेले. मग जनाबाई आली, मागून तिचे दोन्ही मुलगे, मग एकेक करून सगळेच. कालचा विषय कोणीच काढत नाही. जनाबाईने लाखोळीच्या डाळीचं गाठोडं हातात दिलं, "पोरीले दे." आणि पुन्हा जाऊन बसली. सदाशिवभाऊ तंबाखू मळत आहेत, वर पाहत नाहीत.
बसची वेळ होत आली. कोणी अडवलेलं नाही. फक्त जायचं तर त्यांच्या मधूनच जावं लागणार आहे.