सोमवारचा रीस्टार्ट

बाई, तुम्ही होतात त्या काळी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून साधंच सांगतो. महाप्याच्या ऑफिसात मी एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं आपोआप करायच्या कामांची यादी, लिहिली होती. दर पाच मिनिटांनी ती लांबच्या एकेका सर्व्हरशी सेशन उघडते, म्हणजे फोन लावावा तशी जोडणी करते, डिस्क भरत आली का बघते, आली असेल तर आम्हाला अलर्ट पाठवते. काम झालं की सेशन बंद करायचं असतं. नाही केलं तर ते स्क्रिप्ट चालते त्या मशीनच्या मेमरीत तसंच पडून राहतं, ढीग वाढतो आणि मशीन धापा टाकू लागतं. आमचं टाकायचं. मी कारण शोधलंच नाही. दर सोमवारी चहाआधी मशीन रीस्टार्ट करायचो, की ढीग साफ. रिटायर होऊन कॉन्ट्रॅक्टवर आलो तरी तेच.

शिरवण्याच्या शाळेत कविता म्हणताना एकदा मी अडलो आणि नुसती चाल गुणगुणत पुढच्या कडव्यात शिरलो. तुम्ही हातातली पट्टी खाली ठेवलीत. "अडलास तर अडलो म्हण. वर्ग झोपलेला नाही." कान अजून तापतात.

यंदा मोतीबिंदूसाठी पंधरा दिवस रजेवर होतो. डोळ्यावर पट्टी, ओठांवर तुमच्या कविता, मजेत पडलेलो. सोमवारचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मशीन मेलं. एका हॉस्पिटलच्या सर्व्हरची डिस्क भरली, पेशंटचे रिपोर्ट दिवसभर अडकले. ड्युटीवर कोपरखैरण्याची सहकारी होती, दोन मुलांची आई.

"अलर्ट बघायलाच ठेवलंय ना तुला?" मॅनेजर म्हणाला.

"सर, अलर्ट आलाच नाही. मशीनच बंद होतं."

"मग ते बघायला कोण, मी येऊ?"

तिला काढलं. मी कामावर परतलो त्या दिवशी ती डबा पिशवीत भरत होती. म्हणाली, "काका, तुमी असता तर कळलं असतं काय झालं ते."

मग मी शोधायला बसलो. स्क्रिप्ट एकटीच चालवली. प्रत्येक फेरीला मेमरी थोडी वर. एकेक सर्व्हर यादीतून गाळून पाहिला. एक सर्व्हर जोडला जायचा, पण उत्तर द्यायचा नाही. तिथे स्क्रिप्ट मधेच बाहेर पडे, सेशन बंद करण्याच्या ओळीपर्यंत पोचतच नसे. काहीही झालं तरी ती ओळ चालेल असं केलं. दोन दिवस मेमरी जागची हलली नाही. एका दुपारचं काम, बाई.

मॅनेजरनं विचारलं, काय होतं? म्हटलं, जुनं मशीन.

परवा तिचा फोन आला. नवीन ठिकाणी इंटरव्ह्यू आहे. "का काढलं विचारतील, काका. काय सांगू?" मी म्हटलं, सांग, माणसं कमी केली.

हे पत्र मी तिलाच लिहायला बसलो होतो. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.