आपल्या भाषेतला परवाना

प्रिय बबडे,

फोनवर तू विचारलंस, दुपारची कुठे गायब असतेस गं, आणि मी "बाजारात" म्हणून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मी गाडी शिकत होते. हसू नकोस! साठीला टेकलेल्या बाईने क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उड्या मारते, हे आमच्या गाडीच्या मास्तरांचं तुझ्याआधीच सांगून झालंय. पण इलाज नव्हता. बाबांची नजर अधू झालीये. डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली आणि तुला कळवायचं नाही असं बाबांनी मला बजावलं.

गाडी हातात बसली, पण लेखी परीक्षेत घोडं पेंड खाऊ लागलं. परीक्षा सरकारी भाषेत, नाहीतर बाहेरून येणाऱ्यांसाठी चार परदेशी भाषांत. तू शिकवतेस ती सुद्धा आहे त्यात. आपली तेवढी नाही. सरकारी भाषेत मी भाजी घेते, डॉक्टरांशी बोलते, वेळ पडली तर भांडते. पण "उजवीकडून येणाऱ्या वाहनास प्राधान्य देणे बंधनकारक आहे" हे वाचून होईपर्यंत ते वाहन अंगावर आलेलं असतं! दोनदा नापास झाले. परवाना कचेरीतली खिडकीवरची मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, घरातली भाषा घरात बरी. ती परीक्षेला कुठे चालते?"

हे ऐकून बाबांचे कान लाल झाले. आपल्या भाषेतल्या शाळेसाठी ज्याने जन्मभर चपला झिजवल्या, त्या माणसाला काय सांगायचं! तिथल्या साहेबांपुढे जाऊन म्हणाले, कायद्याने हक्क आहे आमचा. साहेब म्हणाले, आहे ना, पण भाषांतर कोण करणार? बाबा म्हणाले, "मी." दिसत नाही धड, आणि म्हणे मी.

मग आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कचेरी भरली. मास्तर एकेक प्रश्न वाचायचे, बाबा शब्द शोधायचे, मी लिहायचे. मास्तरांना आपली भाषा येत नाही, पण मान अशी डोलवायचे की जणू त्यांचीच मायबोली. चौकात मध्ये गोल असतो आणि गाड्या त्याला वळसा घालून जातात ना, त्याला बाबांनी असा भारदस्त शब्द काढला की तो उच्चारेपर्यंत पेट्रोल संपावं. मी म्हटलं, सरळ "रिंगण" म्हणा. दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, लिही तुझं रिंगण. आता तुझ्या आईचा शब्द सरकारी कागदावर आहे, बाईसाहेब!

मंजुरीला हिवाळा गेला. पहिली परीक्षा मी दिली. माझ्यामागे पाववाल्याची बायको होती आणि दवाखान्यातली आया. पास झाले. ती खिडकीवरची मुलगी परवाना द्यायला बाहेर आली आणि इकडेतिकडे बघत आपल्या भाषेत म्हणाली, "छान केलंत, मावशी." आपलीच निघाली गं ती. मला तिथेच रडू फुटलं.

आता जे फोनवर सांगता येत नाही ते. बाबा मागच्या खोलीतच असतात ना. तू परदेशी भाषेची शिक्षिका झालीस तेव्हा ते जे बोलले, आपल्या पोरांना शिकवायला माणूस नाही आणि माझी लेक परक्यांची भाषा शिकवणार, ते तू विसरली नाहीस. तीच भाषा बोलणारा नवरा केलास, त्या लग्नाला आले नाहीत, तेही नाही. विसर असं मी म्हणणार नाही. पण ऐक. दुपारी ते कानात वायर घालून पडतात. मला वाटायचं बातम्या ऐकतात. परवा वायर निसटली आणि खोलीभर तुझा आवाज! नवख्या विद्यार्थ्यांसाठी तू इंटरनेटवर जे धडे टाकतेस ना, ते. चोरी पकडल्यासारखे लाल झाले आणि म्हणाले, "उच्चार स्वच्छ आहेत पोरीचे." दाढी करताना आरशासमोर पुटपुटतात, "या, बसा, प्रवास कसा झाला?" तुझ्याशी बोलायला त्यांना ती भाषा कशाला लागतेय? जावयासाठी चाललंय सगळं. ते स्वतःहून कधी बोलवायचे नाहीत, म्हणून मी लिहितेय. दोघं या. स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन, ते माझ्या शेजारी बसलेले असतील. पहिलं वाक्य चुकणार त्यांचं. तू हसू नकोस. नवख्या विद्यार्थ्याला कसं सांभाळून घ्यायचं, ते तुला मी काय सांगू?

वाट बघणारी, तुझीच
आई