त्रेसष्ट घरांचा चर

बागबाजार, कलकत्ता
३ डिसेंबर १९७३

ती. दादास,
शकुनचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. वहिनीच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरे वाटले. इकडे सगळे ठीक. श्यामकांतांची बदली यंदाही टळली. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत काही फायली त्यांच्याशिवाय कुणाला सापडत नाहीत, असे ते स्वतःच सांगतात. आमची लीना परवा तुझ्या आंब्याच्या वड्या खाऊन मला वडी आवडला म्हणाली. सुधारायला गेले तर बंगालीत हसली.

सोबत माझ्या अहवालाची कार्बन प्रत पाठवते आहे. चांपाघाट हे नदीकाठचे छोटे गाव, सियालदहहून गाडीने उत्तरेला अडीच तास, पुढे सायकलरिक्षा. वस्ती सात हजार. सरकार तिथे नगरपालिका करणार आहे, आणि गावाची पाहणी आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागाकडे आली. मार्चमध्ये दोन दिवस जाऊन आले, नेहमीसारखी डायरीत मराठीतून टिपणे केली आणि दुर्गापुजोच्या सुट्टीत त्यांवरून इंग्रजी अहवाल लिहिला. नदी दर पावसाळ्यात गावाचा थोडा काठ खाते आणि गाळ आणून टाकते. गाव त्या गाळावर जगते. नऊ वीटभट्ट्या, कुंभारांच्या दोन गल्ल्या, होड्या बांधणारे, आणि मोसमात पाट. पाट म्हणजे तुझा पाण्याचा पाट नव्हे, इथे तागाला पाट म्हणतात. अशा शब्दांत मी फसत नाही, हे तुला मुद्दाम कळवते.

एक गोष्ट मात्र टोचते आहे. गावाचे पाणी वाहून नेणाऱ्या चरात त्रेसष्ट कुटुंबे राहतात. मी तसे लिहिले, आणि त्यावरून सरकारी कचेरीने पावसाळ्यापूर्वी चर मोकळा करायचे ठरवले. जानेवारीअखेर त्या लोकांना उठवणार. ते जातील कुठे, असे मी तिथल्या साहेबांना विचारले. चरात राहणारी माणसे पावसात बुडणारच, तेव्हा हे त्यांच्याच भल्याचे आहे, असे ते समजुतीने म्हणाले. मला पटले. पटले, की पटवून घेतले, कोण जाणे. खरे तेच लिहिले, तरी जेवताना ती घरे आठवतात.

वहिनीला नमस्कार. अहवाल वाचून काय वाटले ते न लपवता कळव.
तुझी,
शकुन

*

संगमनेर
१४ डिसेंबर १९७३

चि. सौ. शकुनला
दिगंबरचे अ. उ. आ.

तुझा अहवाल दोनदा वाचला. एकदा भाऊ म्हणून, एकदा पाटबंधारे खात्याचा निवृत्त ओव्हरसियर म्हणून. भाऊ खूश आहे. त्याने पहिली चार पाने शेजारच्या मुख्याध्यापकांना चष्मा शोधायची सवड न देता वाचून दाखवली. ओव्हरसियर मात्र पान अकरावर अडला आहे.

तिथे तू लिहितेस की त्रेसष्ट कुटुंबे चरात राहतात. पान सतरावर लिहितेस की हीच माणसे परवर आणि उडीद पिकवतात आणि होडीने घाटावरच्या बाजारात आणतात. बाई, मी तीस वर्षे चर खणले, साफ केले, चरांवरून साहेबांची बोलणी खाल्ली. ज्या चरात उडीद पिकतो तो माझ्या हाताखाली असता तर मी निलंबित झालो असतो. आणि चरातून होडीने बाजाराला येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हा चर आहे तरी किती रुंद?

तुझी वहिनी म्हणते की एवढ्या शिकलेल्या बाईला असे पत्र लिहू नये. मी म्हणतो की माणसांची घरे उठायची आहेत, तेव्हा लिहावेच. एकच विचारतो. तो चर तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास का?

श्यामकांतरावांना नमस्कार, लीनाला पापा. तिला सांग, वडी आवडला तरी चालेल, वड्या संपल्या की कळव.
तुझा,
दादा

*

बागबाजार, कलकत्ता
२१ डिसेंबर १९७३

ती. दादास,
शकुनचा सा. न. वि. वि.

नाही पाहिला.

तुझे पत्र वाचले आणि उभ्याउभ्या मार्चची डायरी काढली. त्या दिवशी वारा होता, नावाडी न्यायला तयार नव्हता, आणि मला परतीची गाडी गाठायची होती. म्हणून घाटावर भाजी विकणाऱ्या सुनीती मंडल नावाच्या बाईंना बसल्या जागी विचारले. डायरीत एवढेच आहे: सुनीतीदी, ६३ घरे, चर, अकरा वर्षे, परवर, उडीद, होडीने येतात.

दादा, बंगालीत चर म्हणजे नदीच्या पात्रात गाळ साचून वर आलेली जमीन. बेटच म्हण. त्या बाई बोलल्या तेव्हा मला ते नीट समजले होते. त्यांचा उच्चार चोर असा काहीसा ऐकू येतो, आणि तसेच लिहिले तर पुढे मलाच भलते वाटेल म्हणून मी शुद्ध लिहिले, चर. सात महिन्यांनी माझेच अक्षर मी मराठीत वाचले आणि अख्ख्या बेटाचे इंग्रजीत गटार करून टाकले. पाटाबद्दल तुला शहाणपणा शिकवणारी ती मीच.

श्यामकांतांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, मराठ्यांच्या भीतीने ह्या शहराने एकदा आपल्या बागबाजारापासून खंदक खणला होता, आता एका मराठी बाईने घरी बसून दुसरा खणला. मला हसू आले नाही. त्यांनी चहा करून दिला तेव्हा रडू आले.

विभागप्रमुखांनी उपाय सुचवला. टंकलेखनातली चूक म्हणून एक चिठ्ठी पाठवावी, कॉलेजचे नाव राखले जाईल. आमच्या टंकलेखिका हेमा दत्त बिचाऱ्या माझे अक्षर लावून लावून चष्म्याचा नंबर वाढवून बसल्या आहेत, आणि आळ त्यांच्यावर जाणार. खरे सांगते, मी रात्रभर नाही, पण एक अख्खी दुपार त्या चिठ्ठीचा विचार केला. कुणाला कळलेही नसते. शेवटी वाटले, ज्या कागदावर पहिली चूक केली त्याच्यावर दुसरी चिकटवायची नाही. सोमवारी कचेरीत जाऊन माझ्या सहीने लिहून देणार आहे. पुढे विभागात मला पाहण्या मिळाल्या नाहीत तर न मिळोत. भीती त्याची नाही. कागद पुढे सरकला असेल आणि मला उशीर झाला असेल, एवढीच आहे.

वहिनीला सांग, ते पत्र लिहिलेस म्हणून मी तुझी आयुष्यभर ऋणी आहे.
शकुन

*

बागबाजार, कलकत्ता
१२ जानेवारी १९७४

ती. दादास,
शकुनचा सा. न. वि. वि.

आधी तेच लिहिते, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतोस. घरे उठवायची नोटीस रद्द झाली. गुरुवारी कचेरीचे पत्र हातात आले. त्रेसष्ट घरे आता नव्या नगरपालिकेच्या पाचव्या वॉर्डात आहेत, आणि तिथे पाण्याचा नळ आणि प्राथमिक शाळा प्रस्तावात घातली आहे. पत्र वाचून मी कॉलेजच्या जिन्यात खाली बसले. दोन मुलींनी पाणी आणून दिले.

साहेबांनी माझा कबुलीजबाब तीनदा वाचला. मग विचारले, तुमच्या भाषेत असल्या जमिनीला शब्दच नाही का. मी म्हटले, आमच्या देशावरच्या नद्या उन्हाळ्यात दगड दाखवतात, जमीन देत नाहीत. ते हसले, पण फाईल मिटली नाही. नोटीस थांबवतो म्हणाले, मात्र ह्या खेपेला पलीकडे जाऊन डोळ्यांनी मोजून या.

त्याच आठवड्यात रविवारी गेले. लीना हट्टाने बरोबर आली. घाटावरच्या वडाला नोटीस आठ दिवसांपूर्वीच डकवलेली होती. गटारात राहणाऱ्यांनी एकतीस तारखेच्या आत जागा सोडावी, असे तिच्यात बंगालीत लिहिले होते. होडीत बसून पलीकडे जाताना मी माफीची वाक्ये जुळवत होते. तिकडे गेले तर माणसे मजेत परवराच्या वेलांना आडोसा करत होती. नोटीस सगळ्यांनी वाचली होती, पण ती आपल्याला आहे असे एकाच्याही मनात आले नव्हते. गटारात कोण राहते म्हणून त्यांनी गावभर चौकशी केली, कुणी सापडले नाही. सुनीतीदींनी तर त्या लोकांसाठी सहा चटया आणि थोडे बांबू जमवून ठेवले होते. ऐन थंडीत बिचारे पोरेबाळे घेऊन कुठे जातील, आमच्याकडे दक्षिणेच्या टोकाला जागा आहे, असे त्या मलाच सांगू लागल्या.

मी सांगितले की ते लोक म्हणजे तुम्हीच, आणि गटार माझ्या हातून झाले. लीनाने मध्ये पडून तिच्या चोख बंगालीत सगळे पुन्हा समजावले. मागून एक म्हातारी हसली आणि सगळेच हसत सुटले. सुनीतीदी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट पाहून घेतले आणि म्हणाल्या, मार्चमध्ये तुम्ही गाडीच्या घाईत होता. आज जेवल्याशिवाय जायचे नाही. दादा, रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

जेवण झाल्यावर मी घरे मोजली, प्रत्येकापुढे नाव आणि धंदा लिहिला. त्रेसष्टच भरली. मग नावांची यादी मोठ्याने वाचून दाखवली; आपले नाव येईपर्यंत कुणी जागचे हलले नाही. चाळिसाव्या नावाला श्यामसुंदर हालदार नावाचे गृहस्थ उठून उभे राहिले. दारात होडी पाहून मी त्यांच्यापुढे मासेमारी लिहिले होते. त्यांनी सात जन्मांत जाळे हातात धरलेले नाही, ते होड्यांच्या फटी बुजवून डांबर लावतात, आणि ज्या होडीतून मी आले ती कोरडी राहिली ती त्यांच्यामुळे, हे त्यांनी चारचौघांत ऐकवले. आत्ता बदला, माझ्यासमोर बदला, शहरात जाऊन नको, असेही बजावले.

मी बदलले. बंगाली अक्षरांत लिहिले आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतले.

तुझी धाकटी,
शकुन