तितको नाय

७ जुलै
संगणकाने आज पुन्हा माझा पासवर्ड नाकारला. एक आकडा हवा, एक मोठं अक्षर हवं, शिवाय एक खूण. वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. इतक्या अटी कुठल्या वृत्तानेही घातल्या नव्हत्या. निषेध.
अनघा बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून तारकर्लीच्या या रिसॉर्टची पगारपत्रकं माझ्या गळ्यात. मॅडम म्हणाल्या, "सर, हे फक्त तुम्ही उघडायचं. घरीसुद्धा बोलायचं नाही." म्हटलं, मौन हे माझं व्रतच. (सौ.ने ऐकलं असतं तर हसून लोळली असती.)

१० जुलै
सौ.चा भाऊ बाळा वैभववाडीहून थेट ऑफिसात. काखेत फणस. त्याच्या मुलीला, शिल्पाला, आमच्या रिसेप्शनवरच्या नीलेशचं स्थळ आलंय. नीलेश म्हणजे एकेकाळचा, आठवीतला माझाच विद्यार्थी. बाळाने खुर्ची जवळ ओढली. "भावोजी, तो सांगता तितको पगार आसा मां? तुमच्याच हातात आसा सगळा."
हे 'तुमच्याच हातात' फार गोड लागलं. जूनचं पत्रक उघडलं. आकडा उच्चारला नाही हं. नुसतं म्हटलं, "तितको नाय."
व्रतभंग दोनच शब्दांचा.

१३ जुलै
बाळाचा फोन. स्थळ मोडलं. "मुलगो खोटो बोलता." सौ. खूश, "बरां झाला तुमी बघितलात." फणस कापला. मी खाल्ला नाही.

१५ जुलै
मॅडम सहज म्हणाल्या, "पावसाळ्यात बोटी, खोल्या बंद. जून ते ऑगस्ट ऑफिसबाहेरच्या स्टाफला, रिसेप्शनलासुद्धा, निम्मा पगार, लक्षात आहे ना?"
नव्हतं. ऑफिसला बाराही महिने सारखाच मिळतो, म्हणून कधी विचारच...
मार्चचं पत्रक उघडलं. नीलेशने सांगितला होता तेवढाच. रुपयाचा फरक नाही.

१६ जुलै
बाळाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझा चेडू शिल्पा दोन दिस जेवक नाय, भावोजी. मी नीलेशच्या घरच्यांका सांगितलंय, रिसॉर्टातल्याच माणसान सांगितल्यान म्हणान. तुमचा नाव घेवक नाय. आता माका परत जावक तोंड नाय. तुमी येवन सांगा, मगे बघूया."
म्हटलं, बघतो.

१८ जुलै
दुपारी नीलेश टेबलापाशी उभा. बस म्हटलं तरी बसला नाही. "सर, माझा पगार इथूनच कुणीतरी फोडला. अनघाताईच असणार, रजेवर जायच्या आधी. तुमच्यावर कसा संशय घेणार?"
मी टाचण्या डबीत भरत राहिलो.
"मॅडमकडे तिची तक्रार करू का, सर?"
"उद्या बोलू," म्हटलं.

१९ जुलै
रविवार असता तर बरं झालं असतं. नाही.
नोकरी जाईल, सौ. बोलेल, बाळा तोंड फिरवेल. त्याचं फारसं काही वाटत नाही. काल नीलेशने अनघाचं नाव घेतलं तेव्हा मला हायसं वाटलं. आज तो उत्तर मागायला येईल, आणि मी पुन्हा गप्प बसेन, याचीच भीती वाटते.