येशूची आत्या

७ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर चर्चच्या वडीलजनांची बैठक. माझी बहीण आक्का गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. तिच्या खुर्चीवर कोणी बसले नाही. बसू नका असेही कोणी म्हटले नव्हते.

ख्रिस्तजन्माचा संदेश यंदा मी द्यावा असे ठरले. विषय, कुमारीपोटी झालेला जन्म. मान्य केले. या वयात पुढच्या वर्षीचा वायदा करू नये.

दुसरा प्रश्न अवघड. पहाटेच्या पाळण्याला आक्काच्या जागी कोण? पाळकसाहेब मुरुम गावात नवे, त्यांना आमची रीत सांगावी लागली. नाताळच्या पहाटे चर्चमध्ये लाकडी पाळणा टांगायचा, त्यात कापडाचे बाळ निजवायचे, बायकांनी पाळणा म्हणायचा आणि घरच्या बारशाप्रमाणे आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचे. मग बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे आणि सर्वांनी घुगऱ्या खायच्या. आजोबांच्या काळापासून चालत आलेले आहे.

पाळकसाहेब आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "गुरुजी, आत्या म्हणजे बापाची बहीण. ज्याचा जन्मच मानवी पित्यावाचून, त्याला आत्या कुठली? विश्वासांगीकारात आपण एक म्हणायचं आणि पाळण्याशी..." पुढचे बोलले नाहीत. सभ्य माणूस.

प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्यापाशी आहे, पण ते माझे नव्हे, आक्काचे. ते त्यांना पुढल्या भेटीत सांगेन.

आत्या म्हणून सर्वांनी मार्थाचे नाव घेतले. माझी मुलगी, आक्काची भाची, गळा गोड, उमरग्याहून येणे सोपे.

८ डिसेंबर

दिवसभर आक्का डोळ्यांपुढे. थोरली बहीण. लग्न केले नाही. पांढरे पातळ नेसून, खांद्याला पिशवी अडकवून खेडोपाडी शुभवर्तमान सांगत हिंडली. सगळे मुरुम तिला येशूची आत्या म्हणे. बाजारात भाजीवाल्या दुरूनच हाक मारीत, "ये येशूच्या आत्या, भाचा काय म्हणतोय?" आक्का टोपलीत हात घालीत म्हणे, "म्हणतोय, हिची वांगी किडकी असत्यात, बघून घे."

तेव्हाच्या नाताळात वीज नव्हती. गॅसबत्तीचा तो फुसफुसणारा आवाज, वडिलांच्या हातातल्या चिपळ्या, बायकांच्या इरकली लुगड्यांना येणारा धुराचा वास, कडाक्याची थंडी. वडील जन्मकथेचे कीर्तन करीत; मेंढपाळांचा प्रसंग आला की शेजारपाजारचे धनगरही दाराशी येऊन बसत. आमच्याबद्दल काहीतरी चालले आहे, एवढे त्यांना पुरे.

कालच्यासारखाच आक्षेप तेव्हाही एका पाळकांनी घेतला होता. आक्का हरभरे निवडीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाळकसाहेब, बेथलेहेम हे योसेफाच्या बापजाद्यांचं गाव. तिथं त्याच्या नात्यातल्या बहिणी घरोघर असतील. पोटुशी बाई दारात उभी, अन् एकीनंही दार उघडलं न्हाय. म्हणल्या असतील, ह्याचं लेकरू ह्याचं न्हायच, मग आमी कशाला आत्या व्हायचं? ती जागा तवापास्नं रिकामी पडलीय. म्हणून मी बसते तिथं."

 पाळकांनी त्या नाताळात दोनदा घुगऱ्या मागून घेतल्या, एवढे आठवते.

११ डिसेंबर

सोलापूरहून मुलाचा, शमुवेलचा फोन. तेवीसला तिघे येत आहेत. तिघे! लग्नाला इतकी वर्षे झाली, हा शब्द त्याच्या तोंडून प्रथम ऐकला. संस्थेतून दत्तक घेतलेले मूल आता पाच महिन्यांचे झाले. कागदावर संस्थेने दिलेले नाव आहे, पण घरी बारसे अजून केलेले नाही. सून आशा म्हणते, नाव आत्यानेच ठेवले पाहिजे. "बाबा, ताईला तुम्हीच विचारा. माझा फोन ती उचलत नाही."

मार्थाला लावला. प्रभूच्या पाळण्याची गोष्ट काढताच आनंदली. आक्काची इरकलीची कुंची बाळाला घालायची का, पाळणा कोणता म्हणायचा, सगळे विचारून घेतले. मग शमुवेलच्या मुलाचे बोललो.

"ते मला सांगू नका, बाबा."

फोन तिने ठेवला नाही. मीच ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार

उपासना आटोपून उमरग्याला गेलो. जावई घरी नव्हते, मुले खेळायला गेलेली. मार्था तुरीच्या शेंगा सोलीत होती. मीही सोलू लागलो. हाताला काम असले की आमच्या घरात बोलणे सोपे जाते.

तिचे दुःख मला अर्धेच ठाऊक होते. धाकट्याच्या वेळी ती गरोदर असताना आशाला म्हणाली होती, हे तुमच्या ओटीत घालते. दिखाऊ बोलणे नव्हते. नवऱ्याला विचारून, रात्ररात्र रडून ठरवलेले होते. आशाने नको म्हटले. आईपासून मूल तोडवत नाही म्हणाली. मार्थाच्या मनाने ऐकले ते एवढेच, की माझे मूल नको.

"घरातलं रक्त नको झालं. कुणाचं कोण ते चाललं. आणि आता नाव ठेवायला मात्र मी पाहिजे."

मी म्हणालो, ती तोडायला भ्याली, तुला लेकरापासून तोडायला भ्याली.

"तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

शेंगा संपल्या. आमटीत कोथिंबीर घालताना सहज म्हणावे तसे म्हणाली, "प्रभूच्या पाळण्याला येते. त्यांनी आपलं बारसं सोलापुरात करावं." मोटार स्टँडपर्यंत पोचवायला आली, माझ्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. तिची आई करी तसाच.

१७ डिसेंबर

संदेशाची जुळवाजुळव. आयुष्यभर हा विषय मांडला, तो बहुधा चमत्कार म्हणून, निसर्गनियमावर देवाची सत्ता म्हणून. ते खरेच आहे. त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. परंतु पुराणांतही अलौकिक जन्म पुष्कळ आहेत. केवळ नवल एवढेच सांगायचे असते, तर देवदूताला एका खेडवळ मुलीपुढे उभे राहून तिच्या होकाराची वाट पाहावी लागली नसती.

येशूची वंशावळ पुन्हा वाचली. वर्गात मुलांना व्याकरण शिकवताना क्रियापदावर बोट ठेवायची सवय. ती गेली नाही. अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला. बाप, बाप, बाप. राजे, व्यभिचारी, परागंदा, सगळे. आणि योसेफापाशी येऊन ते क्रियापद थांबते. त्याच्या नावापुढे "मरियेचा पती" एवढेच. पिढ्यानपिढ्या पुरुषांनी चालवलेली साखळी ऐन शेवटच्या कडीला तुटते. जे येणार ते रक्ताच्या जोरावर आलेले नाही, कोणाच्या कर्तृत्वाने मिळवलेले नाही. ते दिले गेले आहे. कुमारीजन्माचा अर्थ मला या वयात असा दिसतो: तारण हे मनुष्यजातीचे औरस अपत्य नव्हे. ते वरून ओटीत पडले. मरियेने ओटी पसरली.

आणि तरीही तो दावीद राजाचा पुत्र म्हणवतो. कोणामुळे? योसेफामुळे. देवदूताने त्याला स्वप्नात दोनच गोष्टी सांगितल्या, हिला घरात घे आणि मुलाचे नाव तू ठेव. नाव ठेवणे म्हणजे हा माझा म्हणणे. राजाचा सगळा वंश त्या एका नावातून मुलापर्यंत पोचला, रक्ताचा थेंब न देता.

इतके लिहून पेन खाली ठेवले. समोर मार्था दिसत होती.

२० डिसेंबर

योसेफाचा परिच्छेद गाळला.

उत्तम जमला होता. पाळकसाहेबांना वाचून दाखवला तर त्यांना फार भावला. आक्काचे उत्तरही सांगितले, तेव्हा म्हणाले, यंदा आत्या हवीच. पण मार्था पहिल्या बाकावर बसणार. शेंगा सोलताना जे तिच्या गळी उतरवता आले नाही, ते व्यासपीठावर उभे राहून, तिला उलट बोलता येणार नाही अशा जागेवरून बोलणे मला शोभणार नाही. देवाच्या वचनाने लेकीला टोमणा मारायचा नाही.

मार्थाची आई सुशीला असती तर म्हणाली असती, तुमचं निम्मं शहाणपण गाळलेल्यातच असतं.

२३ डिसेंबर

आले. आशा दारातच थांबली. मूल घेऊन आत कसे यावे, उजवा पाय की डावा, असे काही तिच्या मनात असावे. शेजारच्या महानंदाबाई भाकरतुकडा घेऊन धावत आल्या. त्या लिंगायत, माहेर कर्नाटकातले. आक्काची आणि त्यांची जन्माची मैत्री, पाळण्याला एक वर्ष चुकल्या नाहीत. मुलावरून तुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढे केले.

"आण गं कूसू हिकडं. काय बघतुया बघा गुरुजी, तुमच्यावानीच. आता तपासणार पेपर." त्यांना दत्तकाचे ठाऊक आहे. ठाऊक असूनच म्हणाल्या.

माझ्या हाती दिले. ऊब लागली. या घरात इतके लहान कोणी फार दिवसांत नव्हते. शमुवेलला आक्काने नाव सांगितले तो दिवस आठवला. बायकांनी तिला असे बुक्के घातले, की संध्याकाळी सुशीला तिची पाठ शेकत होती आणि दोघी हसत होत्या.

शमुवेलने विचारले, ताई काय म्हणाली? म्हणालो, पाळण्याला येते. त्याने बॅग उचलून आत नेली.

२५ डिसेंबर, ख्रिस्तजयंती

जसे घडले तसे लिहितो.

पहाटे चर्च भरले होते. पाळण्याला झेंडूच्या माळा, आत कापडी बाळ, डोक्याला आक्काची कुंची. मार्था आक्काच्या जागी उभी. भावाकडे पाहिले नाही. आशा मागच्या रांगेत मूल घेऊन बसली होती, तिकडेही नाही.

पाळणा सुरू झाला आणि शमुवेलचे मूल रडू लागले. काही केल्या थांबेना. आशा कावरीबावरी होऊन बाहेर जायला उठली, तोच महानंदाबाईंनी तिच्या हातून ते काढून घेतले, सरळ पुढे आल्या, कापडी बाळ उचलून कडेला ठेवले आणि याला पाळण्यात निजवले. दोन झोके दिले. मूल गप्प.

कोणीतरी मागून कुजबुजले, अहो, तो प्रभूचा पाळणा आहे. महानंदाबाई म्हणाल्या, "मग? त्यालाबी दुसऱ्याच्याच जागेत निजवलं होतं की."

बायकांचे गाणे थांबले नाही. मी पाळकसाहेबांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, प्रार्थनेसाठी की अन्य कशासाठी सांगता येत नाही. नाव सांगायचे कडवे आले. मार्था पाळण्याशी उभी, आत तिच्या भावाचे मूल, टकटक पाहणारे. ती दार गाठील असे मला वाटले. सगळ्यांसमोर गेली असती तर मी तिला दोष दिला नसता.

ती वाकली. कानाशी तोंड नेले.

प्रभूचे नाव दोन अक्षरांचे आहे. ती त्याहून पुष्कळ वेळ वाकलेली होती.

उभी राहिली, रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "येशू!" आवाज फुटला. मग बायका तुटून पडल्या, महानंदाबाईंचा बुक्का सर्वांत जोरात, "घे, हा तुझ्या आक्काचा राहिलेला." मार्थाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, बुक्क्यांचे, असे सर्वांनी समजून घेतले.

नऊ वाजता संदेश दिला. मरियेच्या पसरलेल्या ओटीवर बोललो, योसेफावर नाही. बाहेर पाळकसाहेबांनी हलकेच विचारले, योसेफ का गाळलात? म्हणालो, शास्त्रात त्याचे एकही वाक्य नाही, मी कोण त्याला बोलायला लावणार.

मार्था जेवायला थांबली नाही. आशाने घुगऱ्यांचा डबा दिला, तो घेतला. मुलाला उचलले नाही.

२८ डिसेंबर, रविवार

मार्थाचा फोन नाही. शमुवेल आज एकदाच म्हणाला, ताईने कानात काय सांगितलं असेल? आशा म्हणाली, ज्याला सांगितलं त्याला ठाऊक. आणि मुलाला विचारू लागली, सांग रे, काय म्हणाली आत्या?

आत्या. शब्द आशाच्या तोंडून सहज गेला. 

१ जानेवारी

नववर्षाची उपासना. दुपारी उमरग्याहून फोन. आधी माझ्या खोकल्याची चौकशी, मग मुलांच्या परीक्षा, मग थंडी. शमुवेलचे लोक कधी निघणार, असे विचारले नाही. मी होऊन सांगितले, उद्या सकाळच्या गाडीने.

"आक्काची ती इरकलीची कुंची कुठाय?"

पेटीत ठेवली, म्हणालो. पण ती कापडी बाळाच्या मापाची.

 शिवणयंत्राजवळ बसली असावी. चाकाचा आवाज मध्येच थांबला.

"किती लहान होईल, बाबा?"

माप घेऊन कळवतो म्हणालो. दोरा शोधण्यात अर्धा तास गेला. सुशीलाच्या डब्यात सापडला. नातू झोपला आहे. जागा झाला की डोक्याचा घेर घेईन.