फडताळाखाली सापडलेला स्क्रू

विल्फ,

मी माझ्या भावाजवळ, राल्फजवळ, इस्पितळात आहे. आज त्याचा डोळा काढतायत. स्ट्यू ओव्हनमध्ये आहे, घशाखाली उतरला तर खा.

तुझं ते जुनं हवेचं पिस्तूल टेबलावर ठेवलंय. नळी उसळून राल्फच्या डोळ्यात लागली तेव्हा उडालेला स्क्रू मला फडताळाखाली सापडला. तू शिकवलंस तशी आटे मोजायची दातेरी पट्टी त्यावर टेकवून खिडकीशी धरली. जुन्या मापाची पट्टी बसतच नाही, दातांमधून उजेड दिसतो. आजकालच्या मापाची चपखल बसते. म्हणजे जुन्या भोकात तो दोन वेढे सुरळीत गेला, मग अडला, आणि तू तो पिळून बसवलास. मूळ मापाचा स्क्रू नाही म्हणून अख्ख्या बर्मिंगहॅमच्या गिऱ्हाइकांना दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने थांबवणारा तू!

आणि तेच पिस्तूल माझ्या भावाच्या हातात दिलंस.

तो डॉक्टरांना सांगतोय, "चूक माझीच. पिस्तूल भरताना नळी मीच वेडीवाकडी ओढली. विल्फच्या हातचं काम कधी चुकत नाही."

स्क्रूचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तो पिस्तुलाशेजारी ठेवलाय. तो खिशात घालून ये आणि राल्फला तूच सांग. उरलेल्या डोळ्यानं तो तुझ्याकडे बघेल, तेव्हा मान खाली घालू नकोस.

ईनिड